विळी, ग्रहण आणि उजवीकडचं काळीज

ती सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आली तेव्हा पाचवा महिना संपत आला होता. सोबत नवरा आणि सासूबाई. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं, खाडीकाठचं कुटुंब. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ती म्हणाली, "मॅडम, ग्रहणाच्या दिवशी मी विळी हातात घेतली होती. त्यामुळं झालं का हे?"

रिपोर्टात लिहिलं होतं : बाळाचं हृदय, जठर आणि प्लीहा उजवीकडे, यकृत डावीकडे. सगळं आरशात दिसावं तसं. तपासणीच्या वेळी मात्र कोणीतरी घाईघाईत "बाळ उलटं आहे" एवढंच सांगून मोकळं झालं होतं. सासूबाईंनी त्याचा अर्थ पायाळू असा घेतला. मग नवऱ्याने मोबाईलवर शोधलं आणि आठ दिवस त्या घरात कोणाच्या घशाखाली धड घास उतरला नाही. 'उलटं' या एका शब्दापायी! मला याचा अजूनही राग येतो.

जनुकीय समुपदेशनासाठी येणाऱ्या किती बायकांनी मला हाच प्रश्न विचारला असेल. डाव्या कुशीवर झोपले नाही, पपई खाल्ली, वरच्या फळीवरचा डबा काढला... तपशील बदलतात, टोचणी तीच : माझ्या हातून काय चुकलं?

मी तिला विचारलं, "ग्रहण होतं तेव्हा कितवा महिना?"

"चौथा."

"आणि दिवस गेल्याचं कधी कळलं?"

"पाळी चुकून पंधरा दिवस झाल्यावर."

भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिच्या हातात दिलं आणि तिलाच मागे मोजायला लावलं. गर्भाचं डावं-उजवं ठरायला सुरुवात होते ती गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात. पाळी चुकली की नुसती पुढे गेली, हेही तेव्हा नक्की नसतं. गर्भ जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, एक चपटी चकतीच. तिचं बोट त्या आठवड्यावर थांबलं. "तेव्हा तर मला काहीच माहीत नव्हतं," ती हळूच म्हणाली.

त्या चकतीवर एक बारीकसा खळगा असतो, त्यात सूक्ष्म केसांसारखे पक्ष्माभ. ते सगळे एकाच दिशेने गरगर फिरतात आणि खळग्यातला द्रव डावीकडे वाहू लागतो. तो प्रवाह कडेच्या पेशींना जाणवतो, मग फक्त डाव्या बाजूला काही जनुकं जागी होतात. हृदयाची सरळ नळी कुठे वळायची, जठर कुठे जायचं, हे सगळं त्यानंतर.

नवरा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "पण गोल फिरून पाणी एकाच बाजूला कसं जाईल?" प्रश्न अगदी नेमका होता. त्याचे वडील होडी वल्हवायचे, म्हणून मी म्हटलं, "वल्हं चिखलाला घासत नेलं तर होडी पुढे जाते?" तो हसला. हे पक्ष्माभ मागच्या बाजूला कललेले असतात. डावीकडे जाताना ते उंचावरून मोकळे फिरतात, परतताना तळालगत येतात. तिथे द्रव अडतो, फारसा मागे सरकत नाही. टोकियोतल्या हिरोकावांच्या प्रयोगशाळेने 1998 मध्ये उंदराच्या गर्भात हा प्रवाह दाखवला. पुढे 2002 मध्ये ओसाकातल्या हमादांच्या प्रयोगशाळेने प्रवाह मुद्दाम उजवीकडे वळवून पाहिला, तर त्या गर्भांची डावी-उजवी बाजूही उलटली.

प्रवाहच नसेल तर? मग नाणेफेकीसारखं, कधी नेहमीसारखं, कधी आरशासारखं. कारण दर वेळी सापडतंच असं नाही. पण विळी तिथवर पोचत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

आता खरी काळजी. संपूर्ण आरसाप्रतिमा साधारण दहा हजारांत एकाची असते, आणि त्यातले बहुतेक जण तुमच्याआमच्यासारखं आयुष्य जगतात. काही अवयव उलटे आणि काही सुलटे असले, तर मात्र हृदयाचे गंभीर दोष असू शकतात. म्हणून गर्भाचा हृदयाचा इको हवाच. शिवाय संपूर्ण आरसाप्रतिमा असलेल्या चार-पाच जणांमागे एकाचे श्वासनलिकेतले पक्ष्माभही नीट हलत नाहीत. जन्मल्याबरोबर धाप लागली, नाक सतत वाहत राहिलं, ओला खोकला हटेना, तर 'सर्दी आहे' म्हणून बसून राहायचं नाही.

उठता उठता सासूबाई चाचरत म्हणाल्या, "बाई, आम्ही देवाला कौल लावलाय. उजवी पाकळी पडली." मी रागवेन असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, "मग तो धीर धरा, आणि इकोची तारीखही चुकवू नका."

इकोत हृदयाची रचना ठीक निघाली. बाळ जन्मलं, श्वासही चांगला घेत होतं. तिसऱ्या महिन्यात भेटायला आले तेव्हा लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवायला मी एक चिठ्ठी लिहून दिली : हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, ईसीजीच्या तारा उलट लावाव्यात, अपेंडिक्सचं दुखणं डावीकडे येऊ शकतं. सासूबाईंनी ती डोळ्यांजवळ धरली आणि परत माझ्या हातात दिली.

"मोठ्या अक्षरात लिहा. घरी मी असते दिवसभर."