बुद्धीला शरीर लागतंच का? रोबोटच्या बाबतीत याचा नेमका अर्थ काय?

विचार मेंदू करतो आणि शरीर निमूटपणे हुकूम पाळतं, हे चित्र अपुरं आहे, एवढाच या कल्पनेचा गाभा. 'देहाधिष्ठित बोधन' (embodied cognition) हे तिचं नाव मात्र उगाच जड आहे.

माझं आवडतं उदाहरण अभियंते टॅड मॅकगीर यांचं. १९९० च्या सुमारास त्यांनी पायांची एक चौकट बनवली. तिला मोटर नाही, संगणक नाही. हलक्या उतारावर सोडली की टकटक पावलं टाकत चालू लागते. (बाजूला कलंडू नये म्हणून बाहेरचे दोन पाय एकत्र जोडलेत, तेवढी लबाडी आहेच.) मागचा पाय लंबकासारखा झोका घेत पुढे येतो, गोलसर तळव्यावरून भार पुढे घरंगळतो. 'आता पाय उचल' असं सांगणारं कुणीच नाही. एरवी प्रोग्राममध्ये लिहावं लागणारं गणित इथे पायाची लांबी, वजन आणि गुरुत्वाकर्षण मिळून उरकतात.

एमआयटीत रोबोटतज्ज्ञ रॉडनी ब्रूक्स यांनी हीच कल्पना रोबोटच्या नियंत्रणासाठी वापरली. आधी जगाचा पूर्ण नकाशा बनवा, मग योजना आखा, हा क्रम त्यांनी सोडला. त्यांचा सहा पायांचा 'चंगेज' रोबोट सेन्सरला जे जाणवेल त्याला तिथल्या तिथे प्रतिसाद देत खडबडीत जमिनीवर चालायचा.

चॅटबॉटला शरीर नसल्यामुळे काहीच कळत नाही, असं काही जण यावरून ठरवतात. मला ती तर्कातली उडी वाटते. पण कप घसरतोय हे बोटांना जाणवून पकड घट्ट होणं नुसत्या मजकुरातून येत नाही.