मारही भावाने खाल्ला, बांधलंही त्यालाच

प्रश्न : धाकटा भाऊ बायपोलरसाठी खासगी मनोरुग्णालयात आहे. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने रात्री स्टीलचा तांब्या मारला, भुवईवर सहा टाके पडले. मग ‘त्याच्याच सुरक्षिततेसाठी’ म्हणून भावाचे हात दोन दिवस खाटेला बांधले. आम्हाला चौथ्या दिवशी सांगितलं. त्या पेशंटवर केस करू का? हॉस्पिटल म्हणतं, भरतीच्या फॉर्मवर तुमची सही आहे.

उत्तर : ताई, पोलिसांत तक्रार देता येईल, पण त्या पेशंटच्या मागे लागू नका असं माझं मत आहे. आपण काय करतोय हे आजारामुळे त्या क्षणी कळतच नव्हतं असं ठरलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 प्रमाणे तो गुन्हाच होत नाही. (नुसतं आजाराचं नाव सांगून ही सूट मिळत नाही, ते कोर्टात सिद्ध करावं लागतं.)

जाब विचारायचा तो हॉस्पिटलला. वॉर्डात कुणीतरी कधीतरी भडकणार, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्या पेशंटने आधी कुणावर हात उगारला होता का? रात्री ड्यूटीवर किती जण होते? तांब्या खाटेपाशी आला कसा? मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 20 नुसार सुरक्षित जागा हा भावाचा हक्क आहे. आणि ती सही उपचारांसाठी होती. निष्काळजीपणा त्या सहीने माफ होत नाही.

मला जास्त खटकतं ते बांधणं. याच कायद्याच्या कलम 97 प्रमाणे पेशंटला बांधता येतं ते फक्त त्याच्याकडून स्वतःला किंवा दुसऱ्याला तत्काळ इजा होणार असेल आणि दुसरा उपायच नसेल तेव्हा. त्याला मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी लागते, कारण केसपेपरवर लिहावं लागतं आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला (म्हणजे पेशंटच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला) 24 तासांत कळवावं लागतं. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. इथे तर मार खाणाऱ्यालाच बांधलंय!

आजच दोन ओळींचं पत्र द्या : त्या रात्रीचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा. काही दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं. पोच घ्या. फुटेज तुमच्या हातात देणार नाहीत, त्यात इतर पेशंटही असतात. पण पुढे मागवता येईल. भावाचे केसपेपर याच कायद्याच्या कलम 25 खाली मागा. लेखी तक्रार आधी तिथल्या प्रमुखांकडे, समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे (या कायद्याखाली पेशंटच्या तक्रारी ऐकणारं मंडळ) करा. पैसे भरून उपचार घेतलेत, त्यामुळे भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगही आहे. मुदत दोन वर्षं.

भाऊ स्वतःच्या सहीने भरती झाला असेल, तर डिस्चार्ज तो स्वतः मागू शकतो. डॉक्टरांना फार तर 24 तास तपासणीसाठी थांबवता येतं. मात्र दुसरा मानसोपचारतज्ज्ञ ठरवल्याशिवाय रागाच्या भरात त्याला घरी आणू नका. गोळ्या मध्येच तुटल्या तर त्याचे हाल होतील.