सँक्शन म्हणजे मंजुरी की निर्बंध?

बँकेत लोन ‘सँक्शन’ होतं, मग इराणवर ‘सँक्शन्स’ लादले म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही अर्थ खरे आहेत. मूळ लॅटिन धातूचा अर्थ पवित्र ठरवणं, कायद्याने पक्कं करणं. ‘सेंट’ हा शब्दही त्याच घरातला. कायदा पक्का करायचा तर तो मोडणाऱ्याची शिक्षाही ठरवावी लागते. तिथूनच एकीकडे मंजुरी आली, दुसरीकडे दंड.

अनेकवचन दिसलं की बहुतेक वेळा निर्बंधच समजा. क्रियापद असेल तर कर्म बघा: रक्कम, रजा, योजना असेल तर मंजुरी, देश किंवा कंपनी असेल तर निर्बंध. ‘एम्बार्गो’ मात्र सरसकट समानार्थी धरू नका, तो मुख्यतः व्यापारबंदीपुरता. मंजुरीसाठी लिहिताना मी सरळ ‘अप्रूव्ह’ वापरते, घोळ होत नाही.