टेम्परा रंग म्हणजे काय? अजिंठ्याची चित्रं त्यातलीच का?

हो, त्यातलीच. रंगाची पूड पाण्यात मिसळणाऱ्या चिकट पदार्थात घोटली की झाला टेम्परा. अजिंठ्यात मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर डिंक-सरसाचे रंग. ओल्या चुन्यावर रंगवतात तो फ्रेस्को. काही हौशी गाईड अजिंठ्याच्या चित्रांनाही सर्रास फ्रेस्कोच म्हणतात, असो.

युरोपात अंड्याचा बलक वापरत. करून बघायचंय? बलकाचा पडदा टोचून आतला पातळ भाग वाटीत घ्या, थोडं पाणी घाला, गेरूची बारीक पूड घोटा. रंग बघता बघता वाळतो, म्हणून छटा बारीक रेघांनीच द्यायच्या. कागद नको, लाकडी फळी घ्या. कागद वाकला की रंगाचा थर तडकतो.