नववीच्या इंग्रजीला ब्लेंडेड लर्निंग (थोडं घरी ऑनलाइन, थोडं वर्गात) सुरू केलं, प्रश्नावलीत सगळे खूश, पण व्हिडिओ कुणी बघत नाही. असं का?

चित्र साधारण असं असावं, असं धरून चालू: मराठी माध्यम, वर्गात ६० मुलं, व्हॉट्सॲपवर व्याकरणाचे व्हिडिओ, आणि 'ही पद्धत आवडते' या विधानापुढे जवळपास सगळ्यांची 'पूर्णपणे सहमत'वर खूण.

आधी ती प्रश्नावली बाजूला ठेवा. शिक्षक वाचणार म्हटल्यावर मुलं चांगलंच लिहितात. मुलांची नावं लिहून घेऊ नका, विधानं मराठीत द्या, दोनतीन मुद्दाम उलटी घाला ('व्हिडिओपेक्षा फळ्यावर लवकर कळतं'). उपयोग होतो का आणि जमतं का, हे वेगवेगळं विचारा. फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने १९८९ मध्ये तंत्रज्ञान स्वीकारण्याबद्दल हेच दोन घटक वेगळे मांडले होते. 'उपयोगी आहे, पण मोबाईल रात्री नऊला बाबांबरोबर घरी येतो' हे उत्तर एका सरसकट प्रश्नातून कधीच हाती लागत नाही.

मुलं व्हिडिओ बघत नाहीत याचं मुख्य कारण मात्र बहुतेक वेळा वर्गातच असतं. न बघितलेल्यांसाठी आपण दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा समजावतो. मग ज्याने बघितला तो मूर्ख ठरतो, आणि दोन आठवड्यांत तोही बघणं सोडतो. तेव्हा पुन्हा समजावणं बंद करा. न बघितलेल्यांना शाळेच्या टॅबवर पहिली पाच मिनिटं द्या, बाकीच्यांचं जोडीतलं काम सुरू होऊ दे.

व्हिडिओत एकच मुद्दा, चार-पाच मिनिटांत. उदाहरणार्थ भूतकाळी क्रियापदाच्या शेवटचा '-एड'. आपली मुलं 'स्टॉपेड', 'वॉकेड' म्हणतात. हवं 'स्टॉप्ट', 'वॉक्ट', पण 'वॉन्टिड'. घरी हे ऐकायचं, वर्गात जोडीदाराला काल काय केलं ते पाच वाक्यांत सांगायचं, मग ३० सेकंदांचा व्हॉइस मेसेज पाठवायचा. तो ग्रुपवर नको, शिक्षकांच्या नंबरवर. ग्रुपवर एकदा कुणी हसलं की मागच्या बाकावरचे कायमचे गप्प होतात. साठही मेसेज दर आठवड्याला ऐकायला जाऊ नका, शिक्षकच आधी थकतात. आठवड्याला दहा ऐकले तर सहा आठवड्यांत सगळ्यांची पाळी येते.

मुदत दोन रात्रींची ठेवा, कारण फोन घरात एकच असतो. पालकांना 'ऑनलाइन अभ्यास' असं मोघम सांगितलं की त्यांना गेमच दिसतो. 'मंगळवार आणि शुक्रवार, पंधरा मिनिटं' असं ठरवून दिलं की विरोध बराच निवळतो.

सहकाऱ्यांचा आक्षेप कामाच्या बोज्याचा असेल, तर तो रास्त आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) ब्लेंडेड लर्निंगबद्दलच्या २०२१ च्या मसुद्यात ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन घेण्याची कल्पना होती, पण ती महाविद्यालयांसाठी. शाळेत आठवड्याला एक मुद्दा पुरे. एकाने व्हिडिओ करावा, दुसऱ्याने चाचणी.

चाचणी गूगल फॉर्मवर असेल तर एक काळजी घ्या. लेखी उत्तर तिथे अक्षरशः जुळावं लागतं, त्यामुळे शब्द बरोबर असूनही शेवटी पूर्णविराम दिला की गुण जातो आणि मुलं 'ॲप चुकीचं आहे' म्हणून मोकळी होतात. पर्यायी प्रश्न द्या, नाहीतर उत्तराची सगळी संभाव्य रूपं आधीच भरून ठेवा.