आईंच्या काही लक्षात राहत नाही

"आईंचं डोकं आता चालत नाही. त्यांच्या नावच्या एफडीची मुदत संपतेय. पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे त्यांच्या वतीनं व्यवहार करायचा लेखी अधिकार, करून घ्यावी का?" इंदूरच्या रामबागेतल्या एका सूनबाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) असं विचारणारे माझ्याकडे बरेच येतात आणि बहुतेकांच्या मनात काळंबेरं नसतं, हेही सांगायला हवं.

सासूबाई 74 वर्षांच्या. मी काकूंना विचारायचं आणि उत्तर मुलानं द्यायचं, अशीच सुरुवात झाली. मुलगा-सुनेला बाहेर बसवलं, खडखडणारा पंखा बंद केला, खुर्ची काकूंच्या समोर ओढली आणि सावकाश बोलले. काकूंनी त्यांच्या जुन्या भिशीचा अख्खा हिशोब ऐकवला. कोणाचा नंबर कधी लागला, कोणी हप्ता बुडवला, सगळं. मग भिशी सोडली का?

"सगळ्याजणी एकदम बोलतात, मला कळत नाही. एकदा भलतंच उत्तर दिलं तर हसल्या. मग गेलेच नाही."

जे कानावर पडलंच नाही, ते लक्षात कुठून राहणार? तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्याचं निघालं, बी-12 जीवनसत्त्वसुद्धा कमी. आधी दाखवलेल्या डॉक्टरांनी 'या वयात चालायचंच' म्हणून परत पाठवलं होतं. चाळिशीच्या माणसाला असं कोणी पाठवलं असतं का? बी-12ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं, या सगळ्यांतून विसराळूपणाचा भास होऊ शकतो आणि सगळ्यांवर उपाय आहेत. शिवाय 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आटोक्यात आणता येणाऱ्या 14 गोष्टी आहेत. कमी ऐकू येणं त्यांतलंच एक.

घरात सासऱ्यांना कानाचं मशीन होतं. काकूंना का नाही, विचारलं. सूनबाई सहज म्हणाल्या, "बाबांना चार लोकांत जावं लागतं, आईंना घरीच तर बसायचंय." बाबांना पेन्शन, मशीन त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलं. काकू जन्मभर घरासाठी राबल्या, पण त्या कामाला पेन्शन नाही, आणि मुलांकडे मागायची सवय नाही. (ज्यांना मशीन खरंच परवडत नाही त्यांच्यासाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे. 60 वर्षांवरच्या गरजूंना तीत श्रवणयंत्र, चष्मा, कवळी मोफत मिळते. चौकशीसाठी 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन.)

आता पॉवर ऑफ ॲटर्नीचं. देणाऱ्याचं मानसिक भान गेलं तर आपल्याकडच्या कायद्यानं ती संपते. आणि भान असेल तर ती द्यायची की नाही, हे त्या माणसानंच ठरवायचं. म्हणजे 'डोकं चालत नाही म्हणून सही घेऊ' यात काही अर्थच नाही. मुलाला हे पटायला वेळ लागला. बँकेत मी आईसोबत जाईन, पण बोलेल आई, एवढं त्यानं कबूल केलं.

मशीन लावल्यावर सुरुवातीचे आठवडे कटकटीचे गेले. कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट, सगळंच अंगावर येई. काकू ते काढून डबीत ठेवत. रोज थोडा वेळ, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना लावा म्हटलं, तेव्हा सवय झाली. एफडी त्यांनी स्वतः पुढे चालू केली. नॉमिनी कोण, हे घरात सांगितलेलं नाही. सूनबाईंचा पुढचा फोन त्याचसाठी होता.