आई-वडील पहिल्यांदाच अमेरिकेला येत आहेत. विमानतळावरील तपासणीत त्यांना अडवले, तर त्यांनी आणि मी काय करावे?

आपले आई-वडील सांगलीजवळच्या गावाहून प्रथमच आपल्याकडे न्यू जर्सीला येणार आहेत, वाटेत दुबईला विमान बदलण्याचा विचार आहे, दोघांना मराठीखेरीज थोडीफार हिंदीच येते, वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि ओळखीतल्या एका आजोबांना न्यू जर्सीतल्या नूअर्क विमानतळावर वेगळ्या खोलीत नेऊन बराच वेळ बसवून ठेवल्याचे कळल्यापासून आपल्याला धास्ती वाटते आहे, असे आपण लिहिले आहे. माझे आई-वडील आणि सासूबाई याच वाटेने आमच्याकडे येऊन गेले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी त्या दोघांना हे समजावून सांगा की, वाटेत त्यांना तपासणारी माणसे तीन वेगवेगळ्या कामांची असतात. सुरक्षा तपासणीवाल्यांना एवढेच पाहायचे असते की विमानाला धोका होईल असे काही जवळ नाही ना. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला माणूस कोण आहे, कशासाठी आला आहे आणि परत कधी जाणार हे पाहायचे असते. कस्टम्सला देशात काय आणले जात आहे याची काळजी असते. घोटाळा होतो तो यांची सरमिसळ झाल्यामुळे. सुरक्षा तपासणीवाल्याने पिशवी उघडायला सांगितली की म्हातारी माणसे घाबरून व्हिसाचे कागद पुढे करतात, आणि इमिग्रेशनवाल्याने ‘किती दिवस राहणार’ असे विचारले की लाडवांचा हिशेब सांगू लागतात. समोरचा माणूस कोणत्या कामाचा आहे हे कळले, तर त्याला काय हवे आहे तेही कळते.

मुंबईच्या विमानतळावर सुरक्षा तपासणी सीआयएसएफचे जवान करतात. तिथे भाषेची अडचण नाही, त्यामुळे जे काही अडायचे ते तिथेच अडलेले बरे. हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतला द्रव चालत नाही. हा नियम ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिकेला जाणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आल्यानंतर जगभर पसरला, आणि त्याच्या दृष्टीने लोणचे, तूप, मुरांबा, चटणी हे सगळे द्रवच. बाटली अर्धी रिकामी असली तरी उपयोग नाही, कारण मोजतात ती बाटलीची मापे. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत २०१८ पासून पुडीतल्या पदार्थांवरही नजर असते: साधारण ३५० मिलिलिटरपेक्षा अधिक भरेल एवढी पूड हातात असली तर वेगळी तपासणी होते. मेतकूट, भाजणी, मसाले मोठ्या बॅगेतच घाला. पॉवर बँकेचे मात्र नेमके उलटे आहे. ती मोठ्या बॅगेत कधीही घालायची नाही, हातातच ठेवायची, आणि ती १०० वॉट-तासांच्या आतली असावी. नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे चालते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र देऊ नका. खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे, आणि मोठ्या बॅगेतूनही काढून घेतात.

आता लाडवांविषयी, कारण आपल्याकडची बहुतेक पिशवी याच कारणाने बाजूला काढली जाते. बेसनाचे लाडू, तिळाच्या वड्या, आंबावडी असे घट्ट, दाट पदार्थ एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर काही स्फोटकांसारखेच दिसतात. पितळेची समई किंवा भरीव मूर्ती असली तर तिच्या पलीकडचे काहीच दिसत नाही. दोन्ही प्रसंगी तपासनीस पिशवी उघडणार, हे ठरलेले. माझ्या सासूबाईंचा लाडवांचा स्टीलचा डबा असाच अडला होता. तपासनीस बाईंनी झाकण उघडले, कापडाची एक लहानशी पट्टी डब्याच्या काठावरून आणि पिशवीच्या बंदांवरून फिरवली, ती बाजूच्या यंत्रात घातली, यंत्राने हिरवा दिवा दाखवला आणि डबा परत मिळाला. सासूबाई मात्र तेवढ्या वेळात ‘ठेवून घ्या, ठेवून घ्या’ असे मराठीत म्हणत हात जोडून उभ्या होत्या. अशी वेळ आली तर गप्प उभे राहायचे, आपल्याच पिशवीला मध्येच हात घालायचा नाही, आणि तपासून होईपर्यंत थांबायचे, एवढेच आईला सांगा. डबा पिशवीत सगळ्यात वर ठेवला तर सगळे कपडे उपसावे लागत नाहीत.

ती पट्टी स्फोटकांचे कण शोधते, आणि त्यात शेतकऱ्यांच्या दृष्टीने एक मेख आहे. अनेक रासायनिक खतांत नायट्रेट असते, आणि त्याचे कण हातांवर, चपलांवर किंवा पिशवीवर राहिले तर यंत्र धोक्याची सूचना देऊ शकते. ग्लिसरीन असलेल्या क्रीममुळेही असे घडते. वडील शेतात राबणारे असतील, तर जी पिशवी खतांच्या गोण्यांशेजारी गोठ्यात पडलेली असते ती प्रवासाला देऊ नका, आणि निघण्यापूर्वी पादत्राणे स्वच्छ धुऊन घ्या. सूचना आलीच तर घाबरण्याचे कारण नाही. पुन्हा तपासतात, दोन प्रश्न विचारतात आणि सोडतात. कधी कधी बोर्डिंग पासवर इंग्रजी ‘एस’ हे अक्षर चार वेळा छापलेले असते. अमेरिकेच्या विमानात बसण्यापूर्वी सविस्तर तपासणी करावी, असा त्याचा अर्थ. ते एखाद्या आरोपाचे चिन्ह नाही. नावसाधर्म्यामुळे हे वारंवार होत असेल, तर अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याकडे ‘ट्रिप’ नावाच्या तक्रार-निवारण सोयीतून अर्ज करता येतो, आणि मिळालेला क्रमांक पुढच्या तिकिटात नोंदवता येतो.

दुबईबद्दल मी आग्रहाने सांगते, कारण तिथली चूक पिशवी गमावण्यावर भागत नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे, आणि केवळ विमान बदलणाऱ्यालाही त्या भूमीचा कायदा लागू होतो. आपल्या घरात खसखस कुठे कुठे असते याचा आईबरोबर बसून विचार करा: अनारशांवर असते, करंजीच्या सारणात असते, कित्येक घरांच्या काळ्या मसाल्यात असते. हे पदार्थ त्या वाटेने पाठवू नका. औषधांतही ट्रामाडॉल आणि कोडीन यांवर तिथे कडक नियंत्रण आहे. गुडघ्याच्या दुखण्यावर आपल्याकडे ट्रामाडॉल सर्रास लिहून दिले जाते, म्हणून वडिलांच्या गोळ्यांची पाकिटे उलटून घटक वाचा, आणि असे काही निघाले तर डॉक्टरांना दुसरे औषध विचारा. उरलेली औषधे मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत असावीत.

आईला आणखी एका गोष्टीची कल्पना द्या. आपल्याकडे स्त्रियांची तपासणी पडद्याआड होते. परदेशात बहुतेक ठिकाणी ती स्त्री कर्मचारीच करते, पण सर्वांसमोर. साडीच्या निऱ्या आणि जरीचे काठ यांवर स्कॅनर हमखास अडतो, मग कर्मचारी कमरेपाशी, पाठीवर हाताने चाचपून पाहते. ज्यांनी असे कधी अनुभवलेले नाही त्यांना ते फार लागते. माझी आई त्यानंतर बराच वेळ बोलली नव्हती. आडोशाला तपासा असे म्हणण्याचा तिला अधिकार आहे, आणि ‘प्रायव्हेट’ हा एक शब्द तिला पाठ करायला लावा. प्रवासापुरता साधा सुती सलवार-कमीज तिला चालत असेल तर उत्तमच, पण केवळ यासाठी तिच्यावर जबरदस्ती करू नये असे मला वाटते.

खरी धास्ती ज्या खोलीची आहे ती नूअर्कला, आणि ती सुरक्षा तपासणीची नसून इमिग्रेशनची आहे. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत घ्यायचे की नाही आणि किती दिवस, हे सीबीपी या अमेरिकी सीमाशुल्क आणि सीमा-संरक्षण खात्याचा अधिकारी ठरवतो. खिडकीपाशी त्याचे समाधान झाले नाही, तर तो पासपोर्ट पाकिटात घालून माणसाला दुसऱ्या खोलीत पाठवतो. कारणे पुष्कळदा साधी असतात: नाव दुसऱ्या कोणाशी जुळते, प्रश्न समजलेला नाही, किंवा आयुष्यभर राबलेल्या बोटांचे ठसे यंत्राला नीट घेता येत नाहीत. तिथे नाव पुकारेपर्यंत बसायचे असते, फोन वापरू देत नाहीत, आणि आपल्याला आत जाता येत नाही. उशीर म्हणजे शिक्षा नव्हे, हे दोघांनाही आधीच सांगून ठेवा.

त्यांनी एकच गोष्ट आवर्जून करायची आहे: प्रश्न कळला नाही तर मान डोलवायची नाही. आपल्याकडच्या वडीलधाऱ्या माणसांना साहेबासमोर ‘हो हो’ म्हणण्याची सवय असते, आणि तेच ‘हो’ नोंदीत जाते. ‘मराठी, इंटरप्रिटर’ एवढेच म्हणायचे. फोनवरून दुभाषी जोडून देण्याची सोय अधिकाऱ्यांकडे असते. दोघांच्या पासपोर्टबरोबर एक इंग्रजी कागद ठेवा, त्यावर आपले नाव, पत्ता, फोन क्रमांक, त्यांच्याशी नाते, परतीच्या तिकिटाची तारीख आणि त्यांना मराठीच समजते हे ठळक लिहा. अधिकारी त्या क्रमांकावर फोन करू शकतात, म्हणून अनोळखी क्रमांकाचा फोनही त्या वेळी उचला. मुलाला भेटायला आलो, अमुक दिवशी परत जाणार, हे खरे उत्तर पुरेसे आहे. आपण त्यांना प्रामुख्याने नातवंड सांभाळायला आणत असाल, तर काय बोलायचे हे पढवण्यापेक्षा आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. पढवलेले उत्तर दुसऱ्या प्रश्नाला उघडे पडते, आणि अधिकाऱ्याला फोनमधले संदेशही पाहता येतात.

प्रकरण त्यापुढे गेले, म्हणजे प्रवेश नाकारण्याची भाषा सुरू झाली, तर न समजलेल्या कागदावर सही करू नये. प्रवेशाचा अर्ज आपण होऊन मागे घेणे आणि तातडीने हकालपट्टीचा हुकूम होणे यांत मोठा फरक आहे, कारण हुकूम झाला तर सर्वसाधारणपणे ५ वर्षे परत येता येत नाही. त्या खोलीत पाहुण्या प्रवाशाला वकील मिळण्याचा हक्क नसतो, पण जबाब त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवला जावा ही मागणी रास्त आहे. स्थानबद्ध केले, तर १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार भारतीय वकिलातीला कळवा असे सांगता येते. मात्र ते मागावे लागते. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येते. त्यांचा आपत्कालीन क्रमांक त्याच कागदावर लिहून ठेवा. इतके क्वचितच घडते, पण घडले तर त्या क्षणी शोधायला वेळ नसतो.

कस्टम्सचे थोडक्यात सांगते. खाण्याचे जे काही आहे ते विचारताच सांगायचे. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर पहिल्या वेळीही १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी तांदूळ आणू नका, कारण खापरा भुंगेरा या धान्याला लागणाऱ्या किडीच्या भीतीने भारतातून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानातला तांदूळ २०११ पासून बंद आहे. कढीपत्ताही नको, आणि हापूसही नको. इथल्या दुकानांत मिळणारा हापूस विकिरणाची प्रक्रिया करून आलेला असतो, सामानातला तसा नसतो. रोख रक्कम १०,००० डॉलरहून अधिक असेल तर तीही सांगावी लागते.

टीएसए ही अमेरिकी सुरक्षा यंत्रणा त्यांना परतीच्या प्रवासात भेटेल. वडिलांनी स्कॅनरकडे जाण्याआधीच गुडघ्याकडे बोट दाखवून ‘मेटल’ म्हणावे. डॉक्टरांचा दाखला दाखवला तरी तपासणी टळत नाही, फक्त सोपी होते. टीएसएची ‘केअर्स’ ही मदतसेवा आहे. प्रवासाच्या ७२ तास आधी कळवले, तर तपासणीच्या जागी मदतीला माणूस देण्याची व्यवस्था होऊ शकते. येताना आणि जाताना दोघांसाठी व्हीलचेअर नोंदवा. चालता येत असले तरी नोंदवा, कारण ती ढकलणारा माणूस त्यांना योग्य रांगेपर्यंत नेतो, आणि वाट न कळणे ही त्यांची निम्मी अडचण असते.

तिकीट अजून काढले नसेल, तर मुंबईहून थेट विमान मिळते का ते आधी पाहा. थोडे महाग पडले तरी मी तेच घेईन, कारण औषधांचा आणि खसखशीचा प्रश्नच उरत नाही. अबुधाबीमार्गे आले तर अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच उरकते, त्यामुळे इथे उतरल्यावर सरळ बाहेर येता येते. पण काही अडलेच तर ते आपल्यापासून हजारो मैलांवर आणि इथल्या भलत्याच वेळी अडेल, आणि अमिरातीचे नियम तिथेही तेच आहेत. पहिल्यांदा येणाऱ्या आणि इंग्रजी न येणाऱ्या आई-वडिलांसाठी मी तो मार्ग निवडणार नाही.